चंबूगबाळं

ऑगस्टात शारजात घराबाहेर पडताना आम्ही चष्मा काढून हातात घेतो. इमारतीचं काचेचं दार ढकललं, की एसीत गार पडलेल्या भिंगांवर बाहेरची वाफ येऊन बसते आणि पुढची दहा पावलं माणसाचा धृतराष्ट्र होतो. आमचा नातूर, म्हणजे इमारतीचा राखणदार, या महिन्यात दारातच उभा असतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला "साब, पायरी" एवढंच सांगत राहतो.

अशाच एका संध्याकाळी लिफ्टमधून खाली उतरताना मी उसासा टाकला. "हवा काय जड झालीय हो!"

"जड नाही. हलकी झालीय," शेजारचे काका म्हणाले.

काका आमच्या समोरच्या बिऱ्हाडात एकटे राहतात. मूळचे वाईचे. काकू सासूबाईंच्या आजारपणात वाईला गेल्या, त्या मुलांच्या शाळा, मग कॉलेजं करत तिथंच राहिल्या. काका इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन. तीस वर्षं आखातात मीटर आणि ट्रान्समीटर दुरुस्त करण्यात गेली. माणसाची चूक ते मनावर घेत नाहीत, पण मापाची चूक त्यांना सोसवत नाही. मी देवगडचा, अकाउंट्समधला. मला मापापेक्षा बेरीज कळते.

"अहो, अंगावर ओलं घोंगडं टाकल्यासारखं वाटतंय आणि हलकी कशी?"

काकांनी तिथंच, लिफ्टच्या दारात, पंगत मांडली. "असं बघ. पंगतीत पानं शंभर म्हणजे शंभरच. त्या पानांवर नायट्रोजन आणि ऑक्सिजन बसलेत. दोघंही अंगानं भरलेले, एकाचा आकडा अठ्ठावीस, दुसऱ्याचा बत्तीस. आता त्यातल्या चार जणांना उठवलं आणि तिथं पाण्याच्या वाफेची चार किडकिडीत पोरं बसवली. त्यांचा आकडा अठरा. पंगतीचं वजन वाढेल की घटेल?"

"घटेल."

"मग दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी. आणि ऊन तापलं की पानं लांब लांब मांडतात, म्हणून ती आणखी हलकी. तुझा घाम वाळत नाही म्हणून तू जड झालायस. हवेला कशाला बोल लावतोस?"

मी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. जग तसंच धूसर दिसत होतं.

हवेला वजन असतं हे शाळेत शिकलो होतो, पण मनावर घेतलं नव्हतं. मराठी माणूस हवेला कधी वजन देतच नाही. आपण हवा खायला जातो, पण तिनं पोट भरल्याचं कुणी सांगत नाही. बिनबुडाच्या असतील त्या हवेतल्या गप्पा. परीक्षेत पहिला आलेल्या पोराच्या डोक्यात हवा जाते, मग पुढच्या वर्षी गणिताचे सर ती काढतात. निवडणुकीत ज्याची हवा असते, त्याच्याकडं बाकी काही असावं लागत नाही. आणि तरी याच भाषेनं 'हवामान' असा शब्द करून ठेवलाय. मान म्हणजे माप. म्हणजे कुणीतरी पूर्वीच ठरवलं होतं, की हिचं माप घ्यायचं. आपण त्यातलं माप विसरलो आणि पाऊस येणार की नाही, एवढंच विचारत बसलो.

त्या रात्री मी आमच्या हॉलची लांबी, रुंदी आणि उंची मोजली. बारा फूट, पंधरा फूट, नऊ फूट. म्हणजे सुमारे ४६ घनमीटर. चोवीस अंशांना लावलेल्या एसीत एका घनमीटर हवेचं वजन भरतं १.१७ किलो. गुणाकार केला आणि चकित झालो. आमच्या हॉलमध्ये ५४ किलो हवा होती! एक अख्खं माणूस इतकी वर्षं भाडं न देता आमच्यात राहत होतं. मी सवयीनं महिन्याच्या भाड्याला ५४ नं भागून किलोचा दर काढला. भेंडीपेक्षा पुष्कळच महाग पडत होता.

काकांचा धंदाच हवेच्या भाऊबंदांचं वजन करण्याचा. सुरुवातीची काही वर्षं ते अबू धाबीच्या समुद्रातल्या दास बेटावर होते. नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा त्यांच्या आईनं भाबडेपणानं विचारलं होतं, "तिथं समर्थांचा मठ आहे काय रे?" मठ नव्हता, गॅसचा कारखाना होता. नैसर्गिक वायू उणे १६२ अंशांपर्यंत गार केला की त्याचं पाणी होतं आणि सहाशे घनमीटरचा ऐवज एका घनमीटरात मावतो. १९७७ मध्ये दासवरून असा द्रवरूप वायू जहाजानं जपानला जाऊ लागला. काका म्हणतात, "आपल्या बायका उन्हाळ्यात पालेभाजीची जुडी कढईत टाकतात आणि मूठभर भाजी हाताला लागते, तसं. फक्त इथं आग नाही, थंडी लावतात."

पुढं ते वाळवंटातल्या वायुवाहिन्यांवर आले. पाइपातून वायू वाहतो, एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडं जातो आणि त्याचे पैसे मोजावे लागतात. नुसतं किती लिटर गेलं हे सांगून भागत नाही, कारण वायू फुगतो आणि आकसतो. त्यात किती जीव होता ते कळायला त्याची घनता कळावी लागते. त्यासाठी पाइपाला एक यंत्र जोडतात. नाव मोठं आणि करणी साधी. आत पातळ पत्र्याचा एक नळकांड्यासारखा तुकडा असतो. त्याला विजेनं झंकारत ठेवतात, सेकंदाला काही हजार वेळा. त्याच्याभोवतीचा वायूही त्याच्याबरोबर हलतो. वायू दाट असेल तर नळकांड्याला ओझं जास्त होतं आणि ते संथ हलतं. विरळ असेल तर चपळ हलतं. झंकार मोजायचे, की घनता हातात.

"देवळातली घंटा पाण्यात बुडवून वाजवलीस तर कशी वाजेल?" काकांनी विचारलं होतं.

"थप्प."

"तेच. आमचं यंत्र ते थप्पपण मोजतं. कॅलिब्रेशन करताना आतला सगळा वायू खेचून काढायचा, पूर्ण पोकळी करायची आणि मग त्याचा मोकळा सूर ऐकायचा. तो झिरो. माणसाचा झिरो कुठं लागतो, ते अजून सापडलं नाही."

निवृत्ती दीडेक वर्षावर आली तेव्हा काकांच्या डोक्यात आलं, की आयुष्यभर कंपनीच्या पैशानं वायू तोलले, आता एकदा आपल्या पैशानं हवा तोलावी. त्यांना आधुनिक यंत्र नको होतं. त्यांना मूळपुरुष हवा होता.

हा मूळपुरुष सतराव्या शतकातला. जर्मनीतल्या मॅग्डेबर्ग गावचा नगराध्यक्ष ऑटो फॉन गेरिके यानं तराजूच्या एका बाजूला एक मोठा पोकळ, बंद गोळा टांगला आणि दुसऱ्या बाजूला छोटं भरीव वजन. दोन्ही समतोल. मग तो नुसता बघत बसला. हवा दाट झाली, की ती मोठ्या गोळ्याला जास्त उचलून धरते आणि गोळा वर जातो. विरळ झाली, की आधार कमी पडतो आणि गोळा खाली बसतो. छोट्या वजनाला फारसा फरक पडत नाही, कारण त्यानं जागाच थोडी अडवलेली. इंग्लंडातल्या रॉबर्ट बॉइलनं असंच उपकरण काचेचा पातळ फुगा घेऊन केलं आणि १६६६ साली रॉयल सोसायटीच्या पत्रिकेत त्याची हकिकत छापली. पुढं त्याला डॅसीमीटर म्हणू लागले. ग्रीक भाषेत दाट म्हणजे डॅसिस. नगराध्यक्षानं फावल्या वेळात हवेचं वजन करावं, ही कल्पना आमच्या नगरपालिकांना सुचलेली नाही. तिथं फावला वेळ आणि हवा या दोन्हींचा उपयोग वेगळा आहे.

काकांनी प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानातून दोन लिटरचा गोल बुडाचा चंबू आणला. शाळा सुटल्यापासून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. चंबूचं तोंड रबरी बुचानं बंद करून, वरून गावाहून आणलेलं एम-सील थापलं. ते जुलै महिन्यात, आमच्याच हॉलमध्ये. म्हणजे चंबूत शारजाची हवा कायमची कोंडली गेली. मग दुबईत देऱ्याच्या सोनेबाजारात हिंडून एका जुन्या पेढीतून भंगारात निघालेला पितळी काटा मिळवला. पेढीवाल्यानं विचारलं, "काय तोलणार?" काका म्हणाले, "हवा." पेढीवाल्याला वाटलं, हा माणूस हवालाबद्दल बोलतोय. तो गंभीर झाला आणि त्यानं काटा पटकन स्वस्तात दिला.

खरी अडचण पुढं आली. घरात एसीमुळं हवा बारा महिने जवळजवळ सारखीच, म्हणून काटा बाल्कनीत हवा. बाल्कनीत वारा, म्हणून काटा पेटीत हवा. शेवटी आमच्या मुलीचे मासे मेल्यापासून रिकामी पडलेली काचेची टाकी कामाला आली. ती आमच्या बाल्कनीत उताणी ठेवली, वर पुठ्ठ्याचं झाकण घातलं, आत काटा आणि चंबू. मागं पट्टी चिकटवून तिच्यावर काट्याच्या टोकाची खूण केली आणि काकांनी वळणदार अक्षरात लिहिलं, 'जुलै, दुपार'.

"किती हलेल हो हा?" मी विचारलं.

"जुलैतल्या दुपारी घनमीटरला एक किलो आणि ऐंशी ग्रॅमच्या आसपास. डिसेंबरात एक किलो दोनशे दहा. दोन लिटरच्या चंबूला फरक पडेल पाव ग्रॅमचा."

पाव ग्रॅम म्हणजे सोनाराच्या मापात दोन गुंजा. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. पुढचे पाच महिने दोन मराठी कुटुंबं दोन गुंजांची वाट पाहत होती. आमच्या हिनं इतक्या बारकाईनं मंगळसूत्राचं वजनही पाहिलं नव्हतं.

एवढ्याशा फरकासाठी एवढा खटाटोप कशाला, असं मी एकदा बोलून गेलो. तेव्हा काकांनी लॉर्ड रॅलेची गोष्ट काढली. १८९० च्या सुमाराला हा इंग्लिश उमराव काचेच्या गोळ्यात नायट्रोजन भरून तोलत होता. त्याचा गोळाही साधारण काकांच्या चंबूएवढाच. हवेतून काढलेला नायट्रोजन भरला, की वजन भरायचं २.३१ ग्रॅम. रसायनांतून तयार केलेला भरला, की २.३० ग्रॅम. फरक अकरा मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे गुंजेचा दहावा हिस्सा. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, जाऊ दे, काटा जुना झालाय. रॅलेनं जाऊ दिलं नाही. १८९४ मध्ये त्यानं आणि विल्यम रॅम्झेनं त्या फरकातून एक नवाच वायू बाहेर काढला. आपण ज्या हवेत जन्मलो तिच्यात शेकडा एकाच्या आसपास तो होता आणि कुणाला पत्ता नव्हता. तो कुणाशी संयोग करत नाही, कुणाच्यात मिसळत नाही, म्हणून त्याचं नाव ठेवलं आर्गॉन. ग्रीक भाषेत आळशी. १९०४ मध्ये दोघांनाही नोबेल मिळालं, एकाला भौतिकीचं आणि दुसऱ्याला रसायनाचं.

मी कागदावर हिशेब केला. "म्हणजे आमच्या हॉलच्या ५४ किलो हवेत सातशे ग्रॅम आर्गॉन असणार. सातशे ग्रॅम आळस!"

ही सोफ्याकडं बघत म्हणाली, "फक्त सातशे?"

काटा बाल्कनीत बसल्यापासून आमचं घर हवेकडं वेगळ्या नजरेनं बघू लागलं. हिनं बाल्कनीचं सरकतं दार चार बोटं उघडून उदबत्ती धरली. खाली धरली तर धूर बाहेर पळाला, वर धरली तर आत आला. घरातली गार, जड हवा उंबऱ्यावरून पाण्यासारखी सांडत होती आणि तिची जागा घ्यायला बाहेरची तापलेली हवा वरच्या अंगानं घुसत होती. शारजात जुन्या बाजाराजवळ मजलिस अल मिदफा नावाची वास्तू आहे. तिच्यावर बारजील म्हणजे वाऱ्याचा मनोरा आहे, तोही गोल. देशात दुसरीकडं हे मनोरे चौकोनी दिसतात. एसी नव्हता तेव्हा इथले लोक वरचा वारा धरून खाली खोलीत उतरवायचे आणि तापलेल्या हलक्या हवेला वरची वाट मोकळी ठेवायचे. आम्ही उदबत्ती लावून जे शोधलं ते त्यांनी घर बांधतानाच गृहीत धरलं होतं.

स्वयंपाकघरातली गॅसची घंटा अगदी गुडघ्याखाली, कचऱ्याच्या डब्यामागं का बसवलीय, याचाही उलगडा झाला. आम्ही इतकी वर्षं कंत्राटदाराला नावं ठेवत होतो. सिलिंडरमधला गॅस हवेच्या दीडपट-दुप्पट जड, गळला की जमिनीवर पसरतो आणि न बोलावलेल्या पाहुण्यासारखा कोपरा धरून बसतो. नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका, म्हणून त्याची घंटा छताजवळ लागते. कोणता पाहुणा येणार, त्यावर घंटेची जागा.

माझाही एक फुगा या काळात फुटला. मुलीच्या वाढदिवसाला हेलियमचे फुगे आणले होते. मी छाती फुगवून सांगितलं, "हा वायू आमच्या विजयदुर्गावर सापडला. १८६८ च्या ग्रहणात लॉकियर साहेबानं किल्ल्यावरून दुर्बीण लावली. साहेबाचे कट्टे अजून आहेत तिथं." आमच्या देवगड तालुक्यात हे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. काकांनी शांतपणे विचारलं, "कट्टे कोणत्या सालचे?" मग कळलं, की १८६८ च्या ऑगस्टातल्या त्या ग्रहणाच्या वेळी नॉर्मन लॉकियर इंग्लंडातच होते. सूर्याच्या प्रकाशातली ती पिवळी रेघ त्यांनी तिथूनच, पुढं ऑक्टोबरात टिपली. विजयदुर्गावर ते खरोखर आले, पण तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. तोवर रॅम्झेनं हेलियम पृथ्वीवर बाटलीत धरूनही तीन वर्षं झाली होती. म्हणजे साहेब आले, किल्ला तोच, कट्टे खरे, फक्त हेलियम आधीच सापडलेला. माझी हवा गेली. फुगा मात्र छताला टेकून होता. त्याला इतिहासाशी कर्तव्य नव्हतं.

उट्टं काढायची संधी मला विमानानं दिली, असं वाटलं. माझं ऑफिस किंग अब्दुल अझीझ रस्त्याजवळ आहे. हा रस्ता म्हणजे शारजाची जुनी धावपट्टी. १९३२ मध्ये इंपीरियल एअरवेजची विमानं लंडनहून हिंदुस्थानकडं जाताना इथं उतरू लागली. प्रवासी रात्री किल्ल्यासारख्या विश्रामगृहात झोपायचे. त्याचं आता अल महट्टा नावाचं संग्रहालय झालंय. मी काकांना म्हणालो, "तिथं समुद्रसपाटी. विमान उडायला काय सोपं गेलं असेल!"

"जुलैच्या दुपारी नसेल," काका म्हणाले. त्यांनी पेन्सिल काढली. पंचेचाळीस अंश, उन्हाळ्यातला कमी दाब, वर दमटपणा. "वैमानिक उंची फुटात बघतो, पण विमानाचे पंख घनता बघतात. अशा दुपारी शारजाच्या धावपट्टीवर उभ्या असलेल्या विमानाला वाटतं, आपण चार हजार फुटांवर आहोत. पंखाला हवा कमी, इंजिनाला हवा कमी. मग धाव लांब घ्या, नाहीतर वजन कमी करा."

"चार हजार फूट म्हणजे..."

"पाचगणी."

ते दोन क्षण गप्प राहिले. वाईच्या माणसाला पाचगणी म्हणजे डोक्यावरचं गाव, पसरणीचा घाट चढला की आलंच. तीस उन्हाळे काका ज्या हवेला शिव्या घालत होते, ती आकड्यानं पाचगणीची होती. फक्त स्ट्रॉबेरी तेवढी पिकत नव्हती.

डिसेंबर आला. शारजात त्या महिन्यात घरं उघडतात. लोक चटया घेऊन बागांत जातात, सगळ्या मजल्यांवरून कांदा परतल्याचा वास येतो आणि जो तो म्हणतो, "काय हलकं हलकं वाटतंय!" टाकीतला चंबू मात्र हळूहळू वर चढला होता. काट्याचं टोक 'जुलै'च्या खुणेपासून दोन बोटं सरकलं होतं. वर्षातली जवळजवळ सगळ्यात जड हवा बाहेर होती आणि आम्ही सगळे हलके झालो होतो. काकांनी नवी खूण केली, 'डिसेंबर, पहाट', आणि बराच वेळ तिच्याकडं बघत बसले.

"यातली गंमत कळली का तुला?" ते म्हणाले. "चंबू आहे तेवढाच आहे. आतली हवा तीच. बदलतंय ते बाहेरचं. पण बघणाऱ्याला वाटतं, चंबू चढला, चंबू उतरला."

मला गावचे लोक आठवले. सुट्टीत गेलो की माझ्याकडं बघून कुणी म्हणतं, "चढलाय हां आता." कुणी म्हणतं, "उतरलास रे, तिकडं जेवण मिळत नाही काय?" मी बापडा दोन्ही वेळा तोच असतो.

पुढच्या वर्षी नोव्हेंबरात काकांनी गाशा गुंडाळला. तीस वर्षांचं सामान तीस किलोत बसवायचं होतं. हिनं त्यांना मदत म्हणून हवा खेचून घेणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या दिल्या. स्वेटर, चादरी, काकूंसाठी घेतलेली मऊ रजई, सगळं पापडासारखं चपटं झालं. बॅगेत जागाच जागा झाली. मग हातातल्या काट्याला बॅग अडकवून उचलली, तर आकडा तसूभर हललेला नव्हता.

"एवढी हवा काढली, तिचं काहीच वजन नाही?" ही हिरमुसली.

"होतं की. पण हवेत हवेचं वजन लागत नाही," काका म्हणाले. "आजूबाजूची हवा तिला उचलून धरते. विहिरीत कळशी बुडालेली असते तोवर हाताला लागते का? पाण्याबाहेर आली की कळतं."

काटा मोठ्या बॅगेत गेला. चंबू मात्र काकांनी हातात घेतला. विमानात दाब उतरतो म्हणून बुचावर एम-सीलचा आणखी एक थर चढवला आणि भोवती काकूंचीच जुनी साडी गुंडाळली. चंबूगबाळं आवरणं म्हणतात ते मी डोळ्यांनी पाहिलं ते असं. विमानतळावर तपासणीच्या यंत्रातून तो गोल भोपळा गेला आणि तपासनीसानं काकांना बाजूला घेतलं, हे त्यांनी नंतर फोनवर सांगितलं.

"आत काय आहे?"

"काही नाही. हवा."

"कुठली?"

"इथलीच. शारजाची."

तपासनीस तरुण होता. त्यानं चंबू उजेडात धरून फिरवून बघितला, आतून बाहेर, बाहेरून आत. मग हसून परत दिला. म्हणाला, "जपून न्या."

महिन्याभरानं वाईहून फोटो आला. पडवीत काटा टांगलेला, मागं तीच पट्टी, शेजारी काकूंचा अर्धा हात आणि चहाची कपबशी. डिसेंबरातली कोवळी दुपार, अठ्ठावीस अंश. वाई समुद्रसपाटीपासून सातशे मीटरवर, तिथं हवा मुळातच थोडी विरळ. मी फोटो मोठा करून काट्याचं टोक शोधलं. ते 'जुलै, दुपार' या खुणेवर बरोबर बसलं होतं.

खाली काकांनी लिहिलं होतं, 'काटा म्हणतो मी अजून शारजातच आहे, तेही भर उन्हाळ्यात. दोनदा तपासला. काट्यात चूक नाही. हवा झकास आहे.'

मी बाल्कनीत गेलो. बाहेर शारजाचा डिसेंबर होता, वर्षातली जवळजवळ सगळ्यात दाट हवा, आणि खाली बागेत लोक हलके होऊन हिंडत होते. समोरच्या बिऱ्हाडात नवा भाडेकरू आलाय, त्यानं दाराबाहेर चपलांचा स्टँड ठेवलाय. आमची काचेची टाकी तिथंच कोपऱ्यात होती. हिला तिच्यात माती भरून मेथी लावायची आहे.

"रिकामीच तर आहे," ही म्हणाली.

"रिकामी कुठं?" मी म्हणालो. "पन्नासएक ग्रॅम आहे त्यात. राहू दे थोडे दिवस."